हापशाचा दांडा एवढा लांब का?

शाळेच्या आवारात, वस्तीच्या टोकाला, रस्त्याकडेला जो लोखंडी हापसा दिसतो त्याचं नाव इंडिया मार्क-२. १९७०च्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफ यांच्या पुढाकाराने तो तयार झाला, आणि त्याचा सांगाडा ज्या पंपावरून घेतला तो सोलापूरचा. त्याआधी गावोगाव ओतीव लोखंडाचे, घरगुती धाटणीचे हापसे बसवले जायचे आणि लवकरच मोडून पडायचे. एका कुटुंबासाठी घडवलेल्या दांड्यावर अख्खं गाव पाणी भरायला लागल्यावर दुसरं काय होणार? सोलापूरच्या पंपात ओतीवाच्या जागी वेल्डिंगचं पोलाद आलं, दांडा एकाच आसावर फिरू लागला आणि दांड्याला खाली जाणारी सळई जोडायला साखळी आली. या साखळीकडे पुढे येऊच.

शाळेत तरफ, कप्पी, उतरण, पाचर, स्क्रू, चाक-आस अशी यादी पाठ करून घेतात आणि परीक्षा झाली की ती विसरतो. पण या साध्या यंत्रांचा हिशेब एका हापशावर मांडला तर बाकीची यंत्रं त्याच हिशेबात बसतात. म्हणून आधी हापसाच उघडू.

जमिनीखालच्या ज्या नळकांड्यात सळईच्या टोकाचा दट्ट्या वर-खाली होऊन पाणी उचलतो तो सिलिंडर. मार्क-२ च्या सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिमी, म्हणजे दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण ३१.७ चौरस सेंमी. सिलिंडर ३० मीटर खोल सोडला असेल तर दट्ट्यावर पाण्याच्या स्तंभाचा भार येतो ९५ किलो. वरचा पाइप ३२ मिमीचा, म्हणजे सिलिंडरपेक्षा बारीक असतो, पण त्याने हा भार कमी होत नाही. दाब उंचीवर ठरतो आणि तो दट्ट्याच्या पूर्ण क्षेत्रफळावर पडतो. त्यात १२ मिमीच्या लोखंडी सळयांचं वजन मिळवा: मीटरला ०.९ किलो धरलं तर ३० मीटरला २७ किलो. एकूण १२० किलोच्या आसपास झालं. आता दांडा. आसापासून साखळीपर्यंतचं अंतर आणि आसापासून हातापर्यंतचं अंतर यांचं प्रमाण १:८ ठेवलेलं असतं. १२० ला ८ ने भागा, हाताला लागणारा जोर निघतो १५ किलो. दांडा भरीव पोलादाचा असतो, त्याचं वजनही खाली दाबताना मदतीला येतं. दहा-बारा वर्षांची पोरं दांड्याला लोंबकळून घागर भरतात ती याच आकड्याच्या जोरावर.

पण १०५ किलो गेले कुठे? कुठेच नाही. दट्ट्या एका वेळी १२.५ सेंमी वर येतो, त्यासाठी हात १ मीटर खाली जातो. एका हापशात निघतं जेमतेम ०.४ लिटर पाणी. ०.४ किलो पाणी ३० मीटर वर आणणं म्हणजे ०.४ गुणिले ३०, १२ एवढं काम. हाताने केलं १५ किलो गुणिले १ मीटर, म्हणजे १५. वरचे ३ सळया उचलण्यात आणि घर्षणात गेले. काम कमी झालेलं नाहीच, उलट थोडं वाढलंय. यंत्राने एवढंच केलं की जे ओझं माणसाला एकदम झेपलंच नसतं ते चाळीस सोप्या हप्त्यांत फेडायची सोय करून दिली.

अर्धवट हापसण्याची सवय वाईट म्हणतात ती त्यामुळेच. घाई असली की लोक दांडा वीतभर हलवत भराभर मारतात. हात दमतो, पाणी कमी येतं, आणि साखळी-बेअरिंग एकाच जागी झिजतात. दांडा वरपासून खालपर्यंत पूर्ण न्यावा, मिनिटाला ४० च्या लयीत. चांगल्या अवस्थेतला पंप ४० पूर्ण हापशांत साधारण १५ लिटर पाणी देतो. पंप तपासायची सगळ्यात सोपी रीतही हीच: १५ लिटरची बादली लावा आणि मोजा. ४० हापशांत बादली अर्धीच भरली तर दट्ट्याचे वॉशर गेले असं समजा. पाणी वॉशरच्या कडेने परत खाली घसरतंय.

दुसरी तपासणी गळतीची. पाणी धो धो यायला लागेपर्यंत हापसा, मग अर्धा तास हात लावू नका. पुन्हा सुरू केल्यावर पाचेक हापशांच्या आत पाणी आलं पाहिजे. दहा-पंधरा कोरडे गेले तर खालची झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, गळतोय किंवा पाइपाचा एखादा जोड सुटतोय. दांडा अचानक हलका लागला आणि पाण्याचा थेंब नाही, तर सळई तुटली किंवा जोडावर निसटली. तुटते ती बहुतेक आट्यांपाशीच. दांडा आडवा डुलायला लागला तर आसाची बेअरिंग किंवा आसाचा नट बघा.

साखळीचं कारण आता सांगतो. दांडा गोल फिरतो, सळई मात्र सरळ वर-खाली गेली पाहिजे. दांड्याला सळई थेट जोडली तर ती दर हापशाला कडेला ओढली जाईल आणि सळईच्या वाटेचं भोक लांबट होत जाईल. म्हणून दांड्याच्या पंपाकडच्या टोकाला चाकाचा एक तुकडा, पाव वर्तुळासारखा, जोडलेला असतो आणि साखळी त्यावर गुंडाळली जाते. साखळी नेहमी एकाच उभ्या रेषेत खेचते. एक मर्यादा मात्र आहे: साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्या खाली जातो तो सळयांच्या वजनाने. त्यामुळे पाणी २० मीटरच्या आत असेल, तर सळया कमी, वजन कमी, वॉशरचं घर्षण तेवढंच. मग साखळी ढिली पडते आणि दांडा वर येताना धक्का देतो. हा बिघाड नाही, पंप त्या खोलीसाठी केलेलाच नाही. साखळीला महिन्यातून एकदा ग्रॅफाइट ग्रीस लावणं आणि नट आवळणं एवढी देखभाल गावातला कोणीही करू शकतो. वॉशर बदलणं तसं नाही, त्यासाठी मार्क-२ चा सगळा पाइप वर काढावा लागतो आणि त्याला माणसं आणि अवजारं लागतात. पुढे आलेल्या मार्क-३ मध्ये पाइपच ६५ मिमीचा केला, म्हणजे पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो. मला विचाराल तर दांड्याच्या लांबीपेक्षाही ही सुधारणा मोठी आहे.

आता तीच तरफ जमिनीवर आणू. बांधावरचा किंवा पायातला दगड हलवायला पहार घेतली की पहिला प्रश्न टेकू कुठे ठेवायचा. पाच फुटी पहार, म्हणजे १५० सेंमी. टेकू टोकापासून १० सेंमीवर ठेवला तर हाताकडे १४० उरले, १४ पट फायदा. २० सेंमीवर ठेवला तर फक्त साडेसहा पट. टेकू दहा सेंमी मागे-पुढे झाला की जोर निम्मा-दुप्पट होतो, हे माहीत नसलेला माणूस नुसता ताकद लावत बसतो.

दगडाचा अंदाज बांधायला सोपं गणित: आपला काळा दगड घनमीटरला २.८ ते २.९ टन भरतो. ६० × ५० × ४० सेंमीचा धोंडा म्हणजे ३४० किलो. पण पहारीने तो अख्खा उचलायचा नसतोच. एक कड उचलली की निम्मं वजन दुसऱ्या कडेने जमिनीवरच राहतं. राहिले १७०, भागिले १४, हाताला १२ किलो. त्या बदल्यात हात ७० सेंमी खाली नेला तेव्हा कड उठली ५ सेंमी. म्हणून एका दमात उचलायचा नादच सोडायचा. कड ५ सेंमी उठली की दुसऱ्या माणसाने बाजूने लाकडी ठोकळा सरकवायचा, पहार काढून टेकू उंच करायचा, पुन्हा उचलायचं. ठोकळा काठीने सरकवा, बोटांनी नाही. टेकू रुंद आणि चपटा हवा: सागाचा किंवा बाभळीचा तुकडा उत्तम, गोटा अजिबात नको, तो जोर लागला की गरकन फिरतो. मऊ मातीत टेकूखाली फळी टाका, नाहीतर दगडाऐवजी टेकूच खाली जातो. आणि पहार दोन पायांच्या मधे घेऊन कधीही दाबू नका. निसटली की ती कुठे लागेल हे सांगायची गरज नाही.

बांधकामावरचा एकचाकी गाडाही तरफच, फक्त टेकू पुढे चाकाखाली गेला आणि ओझं मधे आलं. ८० किलो वाळू चाकापासून ४० सेंमीवर आणि हँडल १४० सेंमीवर असेल तर हाताला २३ किलो. तीच वाळू मागे, ७० सेंमीवर ओतली तर ४०. गाडा भरताना वाळू पुढे रेटून भरा एवढंच लक्षात ठेवलं तरी पाठ वाचते. फार पुढे ओतलीत तर मात्र उतारावर गाडा नाक खुपसतो. अडकित्त्यातही सुपारी रिव्हेटजवळ सरकवायची ती याच हिशेबाने. मुठी रिव्हेटपासून १८ सेंमीवर आणि सुपारी ३ सेंमीवर, तर सहा पट. चिमट्यात उलटं आहे, तिथे जोर मधे लावतो आणि भाकरी टोकाला असते, म्हणजे जोराचा तोटाच. पण भाकरीला जोर लागत नाही, हात जाळापासून लांब हवा असतो.

कप्पीबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. विहिरीवरच्या एका कप्पीने पाणी हलकं होतं, असं वाटतं. होत नाही. १२ किलोचा पोहरा १२ किलोनेच ओढावा लागतो, आणि कप्पी सुकी असेल तर तेरा-चौदाने. कप्पी फक्त दिशा बदलते. वर ओढायच्या ऐवजी खाली ओढतो, त्यामुळे आपल्या अंगाचं वजन कामाला येतं. एवढंच, पण ते कमी नाही.

विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची मोट, तिची अख्खी रचना या एका गोष्टीवर उभी होती. विहिरीच्या काठापासून बैलांसाठी उताराची वाट काढलेली असायची, तिला धाव म्हणतात. भरलेली मोट वर येताना बैल धावेवरून खाली उतरायचे, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजन ओढण्यात मिळायचं. रिकामी मोट खाली सोडताना बैल मागे सरकत चढ चढायचे. दोर दोन असायचे. जाड नाडा मोटेच्या तोंडाला बांधून वरच्या मोठ्या चाकावरून जायचा, बारीक सोल मोटेच्या सोंडेला बांधून खाली थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडायच्या हौदाच्या, ओठावर बसवलेल्या आडव्या कण्यावरून. मोट वर येईपर्यंत सोंड सोलाने वर दुमडलेली राहायची, पाणी सांडत नसे. मोट वरच्या चाकाशी पोचली की सोल सोंडेला कण्यावरून थारोळ्यात ओढायचा आणि मोट आपोआप रिकामी व्हायची. जोरात एक किलोचाही फायदा नाही, तरी माणसाला मोटेला हात लावावा लागत नसे. यंत्र म्हणजे फक्त जोर वाढवणं नव्हे, याला मोटेसारखा दाखला दुसरा नाही.

जोर खरंच निम्मा हवा असेल तर कप्पी ओझ्यासोबत वर आली पाहिजे. दोराचं एक टोक वरच्या हुकाला बांधा, दोर खाली आणून ओझ्याच्या कप्पीतून काढा, परत वर नेऊन हुकाच्या दुसऱ्या कप्पीवरून खाली हातात घ्या. ५० किलोचं पोतं आता २५ ने उचललं जातं, दोर मात्र उंचीच्या दुप्पट ओढायचा. साध्या आसाच्या प्रत्येक कप्पीत दहाएक टक्के घर्षणात जातात, म्हणून प्रत्यक्षात २९-३० धरा. आणि वरच्या हुकाकडे बघा, कारण अपघात तिथे होऊ शकतो. एकाच स्थिर कप्पीवरून ५० किलो ओढताना हुकावर १०० किलो येतात: ५० ओझ्याचे, ५० तुमच्या ओढीचे. आत्ता सांगितलेल्या दोन कप्प्यांच्या रचनेत तो भार ७५ वर येतो. पंख्याच्या हुकाला कप्पी अडकवून पोतं चढवणाऱ्याने हा आकडा आधी मांडावा.

उतरणीचा सगळ्यात सुंदर उपयोग पिंप टेम्पोत चढवताना दिसतो. तेलाने भरलेलं २०० लिटरचं पिंप पिंपासकट १९० किलोच्या घरात जातं. टेम्पोचा हौदा ८० सेंमी उंच धरा. २४० सेंमीच्या दोन फळ्या लावल्या की जोर तिसऱ्या हिश्श्यावर आला: ६३ किलो. खाली उभं राहून दोघे-तिघे ते ढकलतात आणि एकाचा पाय घसरला की सगळं पिंप अंगावर. त्यापेक्षा दोन दोर घ्या. दोन्ही दोरांची एकेक टोकं हौद्यातल्या कड्यांना बांधा, दोर फळ्यांवरून खाली सोडा, पिंपाखालून घालून वर आणा, पिंपावरून परत हौद्यातल्या दोन माणसांच्या हातात द्या. पिंप आता स्वतःच फिरती कप्पी झालं. ६३ चे ३२ झाले, दोघांत वाटून १६-१६. दोर ओढायचा जवळपास पाच मीटर, पिंप सरकणार २४० सेंमी.

यात चुकतं ते तीन ठिकाणी. दोर दोन्ही टोकांपासून पिंपाच्या एक तृतीयांशावर हवेत. एक दोर मधे आला की पिंप तिरकं होऊन फळीवरून उतरतं. दोघांनी एका तालात ओढायचं, एकाने पुढे गेलं तरी तेच. आणि टेम्पोच्या चाकांना दगड लावलेले नसतील तर पिंप वर येण्याऐवजी टेम्पो मागे येतो, हँडब्रेकवर विसंबू नका. तिसरा माणूस बाजूला उभा राहून, लांब दांड्याला ठोकलेली पाचर पिंपामागे सरकवत राहील. खाली, पिंपाच्या वाटेत, कोणीही नको.

उतरणीवरून आठवलं. सोसायट्यांच्या दारात व्हीलचेअरसाठी म्हणून जो उतार बांधतात तो बऱ्याचदा मोटारसायकल चढवण्यापुरताच असतो. व्हीलचेअरचं प्रमाण १:१२. १५ सेंमीच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंमी उंची, तर उतार ५.४ मीटर लांब हवा. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरले तर १:१२ वर साडेसात किलोने ढकलता येतं. १:४ वर २२ किलो लागतात, आणि चाकं हाताने फिरवणारा म्हातारा माणूस एवढा जोर लावू शकत नाही, उतरताना तर खुर्ची आवरतच नाही. जागा नसेल तर उतार वळवून घ्या, मधे सपाट टप्पा द्या. पण उभा चढ बांधून सोय केल्याचं समाधान मानू नका.

रवी या सगळ्यांच्या उलट वागते, म्हणून तिचं एक वाक्य. घुसळखांबाला लावलेल्या रवीचा दांडा अडीच सेंमी जाडीचा असेल तर त्याचा घेर ८ सेंमी; दोरी ४० सेंमी ओढली की रवी पाच फेरे घेते. इथे जोर जास्त द्यायचा आणि वेग विकत घ्यायचा, कारण लोण्याला जोर नाही, घुसळण हवी.

पाचरीला लोक यंत्र मानतच नाहीत, पण कुऱ्हाड, छिन्नी, विळीचं पातं, खिळा या सगळ्या पाचरीच. पातळ पाचर सहज शिरते पण लाकूड थोडंच उघडते आणि अडकते. जाड पाचर शिरायला त्रास देते पण ओंडका फोडते. म्हणून भाजीच्या विळीचं पातं आणि जळण फोडायची कुऱ्हाड एकाच कोनात घासून देणारा धार लावणारा दोन्ही बिघडवतो. गाठ असेल तिथे पाचर ठोकू नका, टोकाकडच्या भेगेत सुरुवात करा.

घरोघरी दिसणारी एक चूक इथेच सांगतो. हातोडीचा किंवा कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, दांडा घट्ट बसतो, काम होतं. पण फुगलेल्या लाकडाला लोखंडी डोळ्यात पसरायला जागा नसते, त्यामुळे त्याचे तंतू चेपतात. वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षाही बारीक होतो आणि चार दिवसांनी डोकं उडतं. नीट करायचं तर दांडा चांगला वाळलेला घ्या, बाभळीचा सगळ्यात टिकाऊ. डोळ्यात जाणाऱ्या टोकाला मधोमध करवतीने डोळ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश एवढा काप द्या. दांडा डोळ्यात घालून, डोकं खाली लटकतं ठेवून, दांड्याच्या दुसऱ्या टोकावर ठोका. डोकं जडत्वामुळे दांड्यावर वर चढतं. मग कापात वाळलेल्या लाकडाची पाचर ठोका आणि तिच्यावर आडवी छोटी लोखंडी पाचर. ही पाचर परत निघत नाही ती घर्षणामुळे. हापशाच्या साखळीत जे घर्षण ग्रीस लावून घालवलं तेच इथे दांडा धरून ठेवतं.

गाडीच्या जॅकमध्ये तर घर्षण नसेल तर जीव जाईल. स्क्रू म्हणजे खांबाला गुंडाळलेली उतरण. आट्यांमधलं अंतर ३ मिमी आणि हँडलचा फेरा १५ सेंमी त्रिज्येचा धरला तर हात ९४ सेंमी फिरतो तेव्हा स्क्रू ३ मिमी सरकतो, कागदावर ३०० पटींहून जास्त फायदा. प्रत्यक्षात त्यातला निम्म्याहून जास्त भाग घर्षण खातं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं: हात सोडल्यावर ओझ्याने उलटा न फिरणारा स्क्रू हवा असेल तर त्याची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या आतच राहते, हा गणिताचाच नियम आहे. म्हणून आट्यांची माती पुसा, ग्रीसचा हलका हात द्या, पण स्क्रू सैल पळेल असं काही करू नका.

कात्रीसारख्या जॅकचे पहिले फेरे जड जातात, तेही बिघाडाने नाही. हात चपटे असताना, समजा आडव्या रेषेशी २० अंशात, स्क्रूवर ओझ्याच्या पावणेतीन पट ताण येतो. ४५ अंशात तो ओझ्याएवढा होतो. जॅकखाली जाड फळी टाकली की जॅक आधीच थोडा उघडलेल्या स्थितीत गाडीला भिडतो, पहिले जड फेरे वाचतात आणि मातीत तो रुततही नाही.

क्रम चुकू नका. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, पहिला गियर टाकलेला, तिरकस विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. उचलल्यावर चाकच फिरतं आणि पाना नुसता फिरत बसतो. बहुतेक लहान गाड्यांचे नट ८० ते ११० न्यूटन-मीटरला (हे पिळाचा जोर मोजायचं एकक) आवळलेले असतात. १०० धरले आणि पाना ३० सेंमीचा असेल तर टोकाला ३४ किलोचा जोर लागतो. नट गंजला असेल तर पान्यावर दोन फुटी पाइप चढवा, जोर निम्म्यावर येतो. पाइप फक्त सोडवताना वापरा, आवळताना नाही, नाहीतर आटे जातात. जॅक चेसिसच्या खुणेच्या जागीच लावा, उचललेल्या गाडीखाली हात-पाय घालू नका, काढलेलं चाक गाडीखाली आडवं ठेवा. नवं चाक बसवून नट समोरासमोरच्या जोडीने हाताने आवळा, गाडी खाली घ्या, मग पान्याने त्याच क्रमाने शेवटचा जोर. आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा पाना लावून बघा, कारण रिमवरचा गंज आणि रंग दबला की पहिल्यांदा घट्ट बसलेले नट थोडे ढिले झालेले असतात.